ओट्यावर राहिलेला धडा

नाही नाही, त्या खुर्चीत नका — म्हणजे बसायचंच आहे तुम्हाला तिथे, त्यासाठीच तर बोलावलं, पण आत्ता लगेच नको. ह्या स्टुलावर बसा. डावीकडे… आणखी थोडं… हां. भिंतीला हात लागला ना? मऊ लागतेय ती गादीच आहे. सगळ्या भिंतींना गाद्या ठोकल्यात ह्यांनी, बाहेरचा आवाज आत यायला नको म्हणून. मुलगी लहान होती तेव्हा विचारायची, बाबा, भिंतींना थंडी वाजते का हो? — चहा तुमच्या उजव्या हाताशी ठेवलाय. बशी नाही दिलेली, कप जपून उचला. बशी ह्या खोलीत बंद. वाजते. आता कुठलं रेकॉर्डिंग आणि कुठलं काय, आता पितळेचं तबक आपटलं तरी कोण विचारतंय, पण हात नाही धजत हो. आणि बघा — हो, ‘बघा’च म्हणणार मी, जीभबीभ नाही चावणार. तुम्हीच मागे फोनवर म्हणाला होतात ना, काल तुमच्या इतिहासाचा दुसरा भाग बघितला, त्यात राजाच्या मरणानंतर कुकर वाजतोय म्हणून! मी लाजेनं अर्धी झाले. हे मात्र खूश. म्हणाले, ह्या माणसाला दिसत नाही ते बरंय, नाहीतर आपल्याला पळता भुई थोडी झाली असती.

इतकी वर्षं तुमच्या अंधशाळेची पुस्तकं मी वाचली, ह्यांनी रेकॉर्ड केली आणि मुलांकडे जायच्या आधी तुम्ही ऐकून तपासली — आणि आपण एका खोलीत बसतोय ते आज. गंमतच आहे. हे तुम्हाला नावानं नाही हाक मारायचे, ‘कान’ म्हणायचे. कानाचा फोन आला होता का? कानाला पाठवलं का? कान काय म्हणाला? आणि तुमची दुरुस्त्यांची यादी आली की — आली बघ कानाखाली! रागावू नका हं. ह्यांच्या तोंडून एवढा मान दुसऱ्या कुणाला मिळाला नाही. मला तर नाहीच नाही.

आवाज येतोय ना एक? घुंऽऽ असा? तुम्हाला तर दारातच आला असेल. कॉम्प्युटरचा पंखा तो. हे गेले त्या दिवसापासून चालूच आहे. एकदाही बंद केलेला नाही मी. वीज गेली की खाली तो बॅटरीचा डबा ओरडायला लागतो आणि मी हातातलं टाकून इथे येऊन उभी राहते — उभी राहून काय करणार, काही नाही, नुसती उभी. आली की जाते परत. आधी बराच वेळ दम धरायचा तो डबा. आता चहाला उकळी येईपर्यंतसुद्धा धरत नाही. आणि उद्या दिवसभर वीज नाही. रस्ता खणणार आहेत, माणूस येऊन दारोदार सांगून गेला. त्याला म्हटलं, अहो, आमच्याकडे एक सीरियस आहे हो. खोटं बोलले! तो बिचारा म्हणाला, मग दवाखान्यात हलवा. म्हणून तुम्हाला काल फोन केला. आजच यायला सांगितलं. तुम्हाला वाटलं असेल बाईला शाळेच्या पुस्तकाची केवढी काळजी, शेवटचा धडा अडकलाय, मुलांची परीक्षा जवळ आलीय. हो, तेही आहेच. नाही असं नाही. पण खरं सांगायचं तर त्यासाठी नाही बोलावलं.

थांबा, नीट सांगते. माझं आता असं झालंय, एक सांगायला जाते आणि वाटेत दुसरंच हाताला लागतं. आधी नव्हतं हो असं. आधी ह्या घराचं कपाट म्हणजे मी. ह्यांच्या डोक्यात फक्त आत्ताचं, समोरचं काम — बाकी सगळं माझ्यात आणून ठेवायचे. चुलतभावाच्या मुलीचं नाव काय, जाड स्वेटर कुठल्या पेटीत, आपण त्या थंड गावाला गेलो तेव्हा मुलगी चालायला लागली होती का — मला विचारायचं. मी पटकन काढून द्यायची. दारात पाहुणा उभा आणि हे माझ्या कानात, हा कोण? असं! आणि माझं उलटं. मला रोजचं चालू काही ठाऊक नाही. कुठलं बटण, कुठली किल्ली, गॅस कधी सांगायचा, पाण्याचा पंप कधी सोडायचा, ते सगळं ह्यांच्याकडे. मी म्हटलं लक्षात ठेवायचं कशाला, आहेत की हे. आता कपाट आहे हो, गच्च भरलेलं आहे, पण उघडून मागणारंच कुणी नाही. आणि चालू ते काही सापडत नाही. परवा तर पंप चालू करून विसरले, वरच्या मजल्यावरचा शेजारी धावत आला, काकू, धबधबा लागलाय!

तर हा कॉम्प्युटर. तुम्हाला मी काय शिकवणार, तुम्ही रोज वापरता. पण ह्यांची पद्धत वेगळी होती. रेकॉर्डिंग सरळ डिस्कवर नाही घ्यायचं. का, तर आमची डिस्क म्हातारी, लिहायला लागली की कुरकुरते, ती कुरकुर माईकला ऐकू जाते — आणि माईकला गेली की तुम्हाला जाते! म्हणून ह्यांनी यंत्राच्या मेमरीतच एक कप्पा केला होता. डिस्क असल्यासारखा. दिवसभर जे काही वाचू ते त्या कप्प्यात. अजिबात आवाज नाही, आणि कापायला-जोडायला एकदम चपळ. मग संध्याकाळी त्यातलं निवडून, धुऊन पुसून, चांगलं तेवढं डिस्कवर टाकायचं आणि यंत्र बंद. बंद केलं की कप्पा गेला. त्यातलं सगळं गेलं. उरलंसुरलं टाकायची वेगळी खटपट नको म्हणायचे. आपोआप झाडू फिरतो.

हे मला कसं कळलं — तो धडाच त्याचा होता ना! तुमच्या कॉम्प्युटरच्या पुस्तकातला शेवटचा. मेमरी साठवणीसारखी कशी वापरायची आणि साठवण मेमरीसारखी कशी वापरायची. वाचायला घेतला आणि घोडं अडलं. शब्द सगळे मराठी, पण अर्थ डोक्यावरून. म्हटलं, मी आपली वाचते स्वच्छ, मुलांना मास्तर समजावतील. हे काय ऐकतात! न कळता वाचलेलं कळतं, म्हणाले. कानाला तर लगेच कळतं. उठले, आणि मला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं. ओट्यासमोर उभं केलं. म्हणाले, हा ओटा म्हणजे मेमरी. हाताशी. कापायचं, मळायचं, ढवळायचं, सगळं इथे. आणि तो वरचा माळा म्हणजे डिस्क. भरपूर जागा, पण शिडी लावावी लागते. आता ओटा भरला, आणखी एक पातेलं आलं, तर तू काय करतेस? म्हटलं, आत्ता न लागणारं काहीतरी उचलून दुसरीकडे ठेवते. बरोबर! म्हणाले. ते तू माळ्यावर ठेवलंस. आता तेच लागलं की पुन्हा शिडी. काम होतं, पण दमछाक होते. हे झालं साठवणीला मेमरी करणं. आणि उलटं म्हणजे मी काय करतो, तर रिकामा ओटाच कपाट समजून त्यावर सामान मांडतो. झटपट सापडतं. फक्त रात्री तू ओटा धुतलास की संपलं.

हसले मी. ओटा धुताना तुमचं सामान काढून नाही ठेवायची होय मी, म्हटलं. म्हणाले, काढणारा असला तर. बस. एवढंच. म्हणजे त्यात काही नव्हतं हो, सहज म्हणाले. पण माणूस गेला की त्याचं सहज म्हणालेलंही उचकटून बघत बसतो आपण.

आता माझं डोकं तसं झालंय, त्या भरलेल्या ओट्यासारखं. काहीही मागा, शिडी लावते आणि वर जाऊन विसरते कशाला आले.

मुद्द्यावर येते, येते. चहा घ्या ना. तर, ह्यांच्या टेबलावर आणखी एक छोटा माईक आहे. हात पुढे करा… हा. त्याच्या बुंध्याला बटण आहे बघा. ते दाबलं की ह्यांचा आवाज मला आत ऐकू यायचा, काचेपलीकडे, मी वाचायला बसायची तिथे. नाही दाबलं तर नाही. पण तो माईक दाबा न दाबा, रेकॉर्ड सतत करायचा. वेगळ्या पट्टीवर, म्हणजे वेगळ्या फायलीत. का, तर मी चुकले की हे म्हणणार, पुन्हा, वरून! — मग संध्याकाळी कापायला बसले की त्या ‘पुन्हा, वरून’वरनं कुठे कापायचं ते सापडायचं. एकदा कापून झालं की ह्यांचा आवाज केरात. म्हणजे कळलं ना तुम्हाला? इतकी पुस्तकं आम्ही केली. सगळ्यांत मी आहे. ह्यांचा खोकलासुद्धा नाही कुठे. अभिमान होता त्याचा. एका पुस्तकात चुकून एक ‘हं’ राहिला होता, तो तुम्हीच पकडलात. आणि ह्यांनी त्याच दिवशी काढून टाकला.

आणि दुसरीकडे कुठे असेल म्हणाल, तर नाही. शोधलं. फोनवर बोलायचा कंटाळा, वाजला की माझ्या हातात द्यायचे. मुलीच्या लग्नाच्या शूटिंगमध्ये बघितलं, चारदा बघितलं, तर हे पाठमोरे! स्पीकरच्या मागे वाकून वायर हलवतायत. सगळ्या मांडवाचा आवाज आहे त्यात, जावयाच्या आत्याचं हसणं आहे, ह्यांचा नाही. मुलगी रडली. आई, बाबांचा आवाज कसा होता ते मला आठवेनासं झालंय, म्हणाली. मी म्हटलं, आठवेल. मला तरी कुठे आठवतोय. काय म्हणायचे ते आठवतं, आवाज येत नाही.

तर तो ह्या कप्प्यात आहे. त्या दिवसाचा. ओटा धुवायचा राहिला ना त्या दिवशी.

मग एवढे दिवस बाहेर का नाही काढला? विचारा, सगळे विचारतात. मुलगी म्हणाली, दोन मिनिटांचं काम आहे, आई, मी करते. मी तिला ह्या खोलीत येऊच दिलं नाही. किल्ली कमरेला लावून हिंडते मी, आत खजिना असल्यासारखी. धाकट्या दिरांनी माणूस पाठवला, त्याला दारातून परत लावला. दीर म्हणाले, वहिनी, हे बरं नाही. मला काय कळत नाही बरं नाही ते? पण जो कुणी काढील तो ऐकणार. आणि तिनं ऐकू नये. वडिलांचं ते मुलीनं नाही ऐकायचं.

मी आत वाचत होते हो. तिकडे, काचेपलीकडे. आत वाचायचा दिवा लावला की त्या काचेचा आरसा होतो, पलीकडचं काही दिसत नाही, मीच दिसते मला. तर वाचत होते. आणि ह्यांनी मला थांबवलं नाही. पहिलं पान झालं, ‘पुन्हा’ नाही. म्हटलं, आज काय उपाशी आहेत की काय. दुसरं झालं. नेहमी मी ‘प्रक्रिया’ म्हणताना अडखळते, तेही सरळ निघालं. ओट्यासमोर समजावलेलं डोक्यात लख्ख होतं ना, जीभ नुसती धावत होती. अख्खा धडा, एका दमात, एकदाही न थांबवता. असं आजवर झालंच नव्हतं. अंगावर मूठभर मांस चढलं माझ्या. शेवटची ओळ वाचली आणि थांबले. म्हटलं, आता बटण दाबतील आणि म्हणतील, ठेवू या. ते एकच कौतुक होतं ह्यांच्याकडे. छान नाही, वा नाही. ठेवू या. एक धडा पाच-पाच वेळा वाचावा तेव्हा कुठे ते मिळायचं. मी वाट बघत बसले. काही नाही. म्हटलं मुद्दाम करतायत, छळतायत मला. मी पण हटून बसले, बघू कोण आधी बोलतं ते. मग दार उघडलं.

खुर्चीतच होते. ह्याच. कानावर हेडफोन. मान जराशी कलती, ऐकताना व्हायची तशी. मला वाटलं ऐकतायत.

…नाही, ठीक आहे मी. पाणी नको.

तर आता कळलं कशासाठी बोलावलं? मला कळायला हवंय, त्यांनी मला हाक मारली का. मी आत प्रक्रिया नि साठवण करत बसले होते आणि इकडे हे मला बोलवत होते का. बटणापर्यंत हात गेला नसेल, पण माईक चालू होता. म्हणजे हाक मारली असेल तर ती ह्यात आहे. मी नाही ऐकू शकत. बसले होते एकदा, हेडफोन घातला, पण म्हटलं भलतं काहीतरी दाबलं जाईल आणि सगळंच जाईल, काढूनच ठेवला. मग विचार केला, कुणी ऐकावं? ह्या अख्ख्या गोतावळ्यात ह्यांचा विश्वास कुणाच्या कानावर होता? तुमच्या. तुम्ही ऐका. ऐकून मला एवढंच सांगा, मारली की नाही. शब्द नका सांगू.

या. आता बसा खुर्चीत. जपून, ती मागे रेलते. तो तुमचा बोलणारा पेन ड्राइव्ह लावलात ना? तो पडद्यावरचं वाचून दाखवील, तुम्हाला सापडेल. कप्प्याला ह्यांनी ‘ओटा’ असंच नाव दिलंय. त्या दिवशीच दिलं, मला चिडवायला. सापडला? दोन फायली असतील. एक माझी, एक ह्यांची. दोन्ही एकदम लावा, म्हणजे मी कुठे आहे तेव्हा हे कुठे आहेत ते कळेल. आणि एक ऐका. धडा संपला की थोडा वेळ काही नाही, मग दार उघडल्याचा आवाज येईल. जड आहे ते दार, उसासा टाकल्यासारखं उघडतं. तो आला की लगेच हेडफोन काढायचा. पुढे कप्पा भरेपर्यंत रेकॉर्ड होतच राहिलंय. पुढचं माझं आहे. ते कुणी ऐकायचं नाही. शब्द द्या. …बरं. लावा.

…लागलं?

ऐकू येतंय मी? — म्हणजे आतली मी. ही नाही. ही आता येणारच नाही तुम्हाला, ते हेडफोन जाड आहेत, घातले की मेलेला माणूस — बघा, काय बोलते मी.

मान हलवलीत. पहिलं पान असणार. ‘या धड्यात आपण दोन युक्त्या पाहणार आहोत.’ पाठ झालाय मला. रात्रंदिवस म्हणते. कपडे वाळत घालताना म्हणते. तुमच्या ओठांचा कोपरा जरासा हलला, म्हणजे मी बरी वाचतेय ना? बरीच वाचत होते मी त्या दिवशी. तुम्हाला ऐकू येत नाहीये म्हणून सांगते. मगाशी तुम्हाला जे सांगितलं ना, हाक मारली का, ते खरंय. त्याच्यानं झोप उडालीय. पण सगळं ते नाही हो. हाक मारली नसेल हे मला आतून माहितेय. हा माणूस डोकं दुखलं तरी सांगणारा नव्हता. दुसरंच आहे. मला दुसरंच कुरतडतंय, आणि ते मी मुलीला सांगू शकत नाही, कुणालाच नाही. मला हे कळायला हवंय की त्यांनी ऐकलं का. धडा. अख्खा ऐकला का. की पहिल्या पानालाच गेले आणि मी त्यांच्या प्रेतासमोर — आणि थांबवलं नाही ते म्हणून नाही थांबवलं. मी चांगलं वाचत होते म्हणून नाही. माणूस गेला आणि बायको काय विचारतेय, माझं वाचन कसं झालं! लाज वाटते. पण काय करू. सगळं आयुष्य एका माणसासाठी वाचलं हो मी. मुलांसाठी म्हणते सगळ्यांना, पण मुलं मला कुठे दिसत होती? काचेपलीकडे हे होते. त्या एका दिवशी मला एकदाही न चुकता आलं, आणि पलीकडे कुणी नव्हतंच, असं असेल तर… मग मी कुणाला वाचून दाखवत होते? आरशालाच ना.

तुमच्या कपाळाला आठी पडली. का पडली? कुठे आलाय धडा? माळ्याचं… नाही, धड्यात माळा नाही, ते ह्यांचं. ‘साठवणीचा वापर मेमरीसारखा केल्यास वेग मंदावतो.’ तिथे आहे का? मी म्हणते आहे तुमच्याबरोबर. ‘मात्र काम थांबत नाही.’ मला आवडलं होतं ते वाक्य. ‘मात्र काम थांबत नाही.’ तुम्ही हात उचललात. का उचललात? काही नाही, चष्मा सारखा केलात. जीव टांगणीला लावू नका हो माझा, माझंच चुकलं, तोंड बघत बसायला नको होतं. पाठ करते मी. ही केली.

‘वीज खंडित होताच तिच्यातील सर्व माहिती नाहीशी होते. म्हणून जे महत्त्वाचे आहे ते वेळीच हलवावे.’ संपला धडा. आता बसलेय मी आत. वाट बघतेय. केस सारखे करतेय काचेत.

…दार आलं?

काढलात? हो, वळले. काही बोलू नका. नाही — बोला. हाक? …नाही. नक्की नाही? नुसती मान हलवू नका, तोंडानं सांगा. …नाही. बरं. बरं झालं. त्रास? श्वास कसा होता? …जड. म्हणजे किती जड? पहिल्यापासून? …मधल्यापासून. आणि मग? कुठपर्यंत? …काय म्हणालात? …पुन्हा सांगा.

‘ठेवू या.’

ह्यांच्या तोंडून? तुमच्या मनचं नाही? कानाची शप्पथ? कधी म्हणाले? कुठल्या ओळीला? …शेवटच्या. शेवटच्या ओळीनंतर. म्हणजे ‘वेळीच हलवावे’ झालं, आणि मग. स्पष्ट? …हळू. पण स्पष्ट. आणि बटणाचा आवाज? टक्‌ असा? …नाही. हात नाही गेला तेवढा. आणि मी तिथे, ह्या काचेला नाक लावून, तेवढं ऐकायलाच बसले होते हो. म्हणालेच होते ते. मी रुसून बसले होते आणि ते म्हणून मोकळे झाले होते.

ऐकला. अख्खा ऐकला.

…नको, मला नका लावून देऊ. आज नको. तुमच्या त्या ड्राइव्हवर घ्या आणि डिस्कवरही टाका. दोन्हीकडे. कुरकुरली डिस्क? कुरकुरू दे. आता काय चाललंय माईकवर. …हो, शाळेला धडा द्यायचाच आहे, आजच न्या. तुम्हीच कापा, तुम्हाला येतं. सुरुवातीचं माझं घसा साफ करणं तेवढं काढा. आणि शेवट… शेवट नका कापू. मला माहितेय हो नियम, ह्यांचाच नियम आहे. मोडा. ‘वेळीच हलवावे’ झालं की ते दोन शब्द राहू द्या. मुलं विचारतील हा बाबा कोण म्हणून. सांगा की पुस्तक ह्यांनी केलं. आणि मुलीला वेगळं काढून द्या, तेवढंच, दोन शब्द. श्वास नको. नुसते ते दोन शब्द.

दारानंतरचं? ते नाही ठेवायचं. ते ओट्यावरच राहू दे.

झालं टाकून? दोन्हीकडे? पुन्हा एकदा बघा ना उघडून… आहे. बरं. मग आता बंद करा. हो, पूर्ण. मी म्हणतेय ना, करा. विचारतोय तो? खात्री आहे का म्हणून? हो म्हणा त्याला.

…

केवढा मोठा आवाज होता हो तो.

नाही, काही झालं नाही मला. उठा तुम्ही आता, उशीर होईल. काठी दाराशी आहे, उजव्या हाताला. मी नाही येत पोचवायला, ह्या खुर्चीत बसते जरा. कप असू दे तिथेच. आणि दार लावून घेऊ नका जाताना. उघडंच राहू दे ते.